टिटवीची अंडी आणि मातीचे वकील

संपादकांनी लेख मागवताना पत्राच्या शेवटी एक सूचना घातली होती. दिवाळीचा अंक आहे, घरातली लहानथोर मंडळी वाचतात, तेव्हा भांडण जरा बेताने करावे. मी बेतानेच करणार आहे. पण करणार आहे. फराळाच्या ताटात एखादी चकली तिखट निघाली तर कोणी ताट टाकून उठत नाही.

भांडणाचे कारण असे. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरात माझ्या चित्रांचे लहानसे प्रदर्शन झाले. तेथे एक जाणते गृहस्थ आले. चित्रकलेवर लिहितात, त्यांच्या शब्दाला वजन आहे. माझ्या सर्वांत मोठ्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पण तुम्ही वऱ्हाडातले ना? मग यात वऱ्हाड कुठे आहे? तुमची माती कुठे आहे?"

वाचकहो, ते चित्र मातीचेच होते. चार फूट लांब, तीन फूट उंच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त काळी जमीन : ढेकळे, पऱ्हाटीचे वाळके खुंट, खडे, एखादे चुनखडीचे पांढरे ठिगळ. त्या खड्यांत टिटवीची चार अंडी होती. अंडी त्या गृहस्थांना दिसली नाहीत याचा मला मुळीच राग नाही. ती दिसू नयेत म्हणूनच तर टिटवीने त्यांना तसा रंग दिला आहे. पण माती? चार फूट मातीसमोर उभे राहून माती कुठे आहे म्हणून विचारायचे, याला काय म्हणावे? पुढे त्यांनी एका टिपणात लिहिले की ही नक्षी सफाईदार आहे, पण ती कोणत्याच भूमीशी नाते सांगत नाही.

मी वडनेर भोलजीचा. नांदुरे आणि मलकापूर यांच्या मध्ये, मुंबई-नागपूर हमरस्त्यावरचे आमचे गाव. बसमधून जाणाऱ्याला ते दिसते न दिसते तोच मागे पडते. उभी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर स्वतःची चित्रे काढायला वेळ मिळाला आणि गेली दहा-बारा वर्षे मी एकाच विषयावर काम करतो आहे : लपलेल्या वस्तू. पाचोळ्यावर बसलेला रातवा पक्षी, बाभळीच्या सालीवर चिकटलेला पतंग, नांगरटीतली पाखुर्डी, आणि टिटवीची अंडी. सैन्यातले लोक ज्याला कॅमोफ्लाज म्हणतात त्याला मराठीत मायावरण असा शब्द आहे. मला हा शब्द फार आवडतो. माया म्हणजे भूल, आणि माया म्हणजे आईची माया. टिटवीच्या अंड्यांपाशी या दोन्ही माया एकाच जागी भेटतात.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर एखादी उथळ खळगी, भोवती चार खडे, आणि त्यात बहुधा चार अंडी. अंड्याचा रंग मातकट, वर काळपट-तपकिरी शिंतोडे. पाच पावलांवर उभे राहिलात तरी सापडायची नाहीत. आता टिटवी पाहा. पाय पिवळेजर्द, डोळ्यापुढे लाल कल्ला, डोके काळे, पोट पांढरे, आणि आवाज असा की शिवारातले कुत्रेसुद्धा मान वर करते. अंडी जितकी मुकी तितकी आई बोभाटखोर. माणूस जवळ आला की ती अंड्यांवरून मुकाट्याने उठते, लांब जाते आणि तिथून टाहो फोडते, म्हणजे माणूस तिच्या मागे जावा. लपणे आणि ओरडणे एकाच संसारात चालते. मी ही गोष्ट लहानपणापासून पाहत होतो. पण तिचा अर्थ मला फार उशिरा, आणि तोही एका परदेशी चित्रकारामुळे कळला.

त्या चित्रकाराचे नाव ॲबट थेअर. अमेरिकन, जन्म १८४९, मृत्यू १९२१. देवदूतांची आणि आपल्या मुलांची चित्रे काढणारा हा माणूस पक्ष्यांच्या नादी लागला, आणि निसर्गशास्त्रज्ञांना जे इतके दिवस नीट दिसले नव्हते ते त्याने पाहिले. मी शाळेत मुलांना शिकवत असे की चेंडू गोल दाखवायचा तर वर उजेड ठेवा आणि खाली सावली द्या; सपाट कागदावर गोलाई येते. थेअरच्या ध्यानात आले की निसर्ग हेच गणित उलटे मांडतो. हरणाची पाठ गडद असते आणि पोट फिके. वरून ऊन पडते तेव्हा गडद पाठ उजळते, फिके पोट सावलीत जाते, दोन्हींची फिटंफाट होते आणि गोल हरीण सपाट होऊन झाडोऱ्यात विरघळते. चित्रकार सपाटाला गोल करतो आणि निसर्ग गोलाला सपाट करतो. १८९६ साली पक्षीतज्ज्ञांच्या सभेत त्याने हे सिद्ध करून दाखवले, आणि कशाने म्हणाल? रताळ्यांनी! रताळी तारेवर जमिनीपासून थोडी उंच टांगली. काहींना सारखा मातीचा रंग, काहींना वरून गडद आणि खालून फिका. पहिली लांबूनही दिसत. दुसरी थोडे दूर जाताच नाहीशी होत.

हा प्रयोग मी आमच्या शाळेच्या पटांगणात केला आहे. आषाढी एकादशीची उरलेली रताळी, ओली माती, कोळसा आणि चुना. एक रताळे इतके बेमालूम नाहीसे झाले की शिपायाचा पाय त्यावर पडला. घरी मुलांना करून दाखवावा असा आहे. मात्र स्वयंपाकघरातून रताळी नेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

इथपर्यंत थेअर माझा गुरू. पुढे मात्र माझे आणि त्याचे जमत नाही. हाती एक किल्ली आली की माणसाला सगळी कुलपे तिचीच वाटू लागतात. १९०९ साली त्याने मुलाच्या मदतीने जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात ठरवून टाकले की प्राण्यांचे यच्चयावत रंग लपण्यासाठीच असतात. तांबडे रोहित पक्षी कशासाठी तांबडे? तर सूर्यास्ताच्या आभाळात दिसू नयेत म्हणून. आणि मोर? मोराची निळी मान आभाळात मिसळते, पिसारा पानांत मिसळतो! तसे चित्रही त्याने रंगवले आहे. त्यात मोर खरोखरच शोधावा लागतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट आफ्रिकेत शिकार करून परतले होते. शिकाऱ्याचा डोळा तो. त्यांनी लेखणी उचलली आणि हा सगळा अतिरेक आहे म्हणून थेअरवर तुटून पडले. मी शिकारीच्या बाजूचा नव्हे, पण या भांडणात रुझवेल्टांच्या बाजूने उभा राहीन. ज्याने एकदा ज्येष्ठाच्या अखेरीस धुऱ्यावर पिसारा उभारलेला मोर पाहिला आहे त्याला तो लपतो आहे हे कोणी सांगू नये. १९६३ साली त्याला आपण राष्ट्रीय पक्षी केले, ते काही तो सापडत नव्हता म्हणून नव्हे.

मला सांगायचे आहे ते इथेच. कोणत्याही प्राण्याच्या अंगावरचा ठिपका त्याने स्वतःसाठी काढलेला नसतो. तो कोणातरी पाहणाऱ्याच्या डोळ्याने घडवलेला असतो. अंड्यावरचे शिंतोडे मुंगसाच्या आणि कावळ्याच्या नजरेने काढले आहेत. जी अंडी त्यांना दिसली ती गेली, जी दिसली नाहीत त्यांची पिल्ले झाली, आणि हा हिशेब लाखो वर्षे चालला. मोराचा पिसारा लांडोरीच्या नजरेने काढला आहे. म्हणून कोणतीही नक्षी पाहिली की मी आधी विचारतो : ही कोणाच्या डोळ्यांसाठी?

पहिल्या महायुद्धात माणसांनी हेच शिकून घेतले. फ्रेंच सैन्यात ग्विराँ द सेव्होला नावाचा चित्रकार तोफखान्यात होता. आपल्या तोफा शत्रूला दिसतात हे पाहून त्याने त्या रंगवलेल्या कापडाखाली झाकायला सुरुवात केली. १९१५ साली फ्रेंच सैन्याने त्यासाठी चित्रकारांची पलटणच उभारली. तिच्या बिल्ल्यावर चित्र होते सरड्याचे, रंग बदलणाऱ्या सरड्याचे. आपल्याकडे सरड्यासारखा रंग बदलणारा ही शिवी आहे; तिथे ती छातीवर लावायची खूण झाली. जीव वाचवण्यासाठी रंग बदलणे यात लाजण्यासारखे काही नाही, हे मी आधीच कबूल करतो. टिटवीला कोण दोष देईल? दोष द्यायचा तर तो, जो बंदूक नसलेल्या जागीही माणसांना रंग बदलायला लावतो त्याला.

माझेच उदाहरण देतो. चित्रकला शिकायला मी शहरात गेलो. पहिल्याच आठवड्यात खाणावळीत मी म्हणालो, "मले भाजी नको." सबंध पंगत हसली. वाढपीही हसला. तेथून मी भाषेला रंग द्यायला सुरुवात केली. मले गेले, मला आले. काहून गेले, का आले. वावर गेले, शेत आले. सहा महिन्यांत मी इतका बेमालूम झालो की नव्याने आलेल्या एका वऱ्हाडी मुलाला पंगत हसली तेव्हा मीही हसलो. ते हसणे मला आजही आठवते आणि आजही घशाशी येते. दिवाळीला घरी आलो. आईने चहा पुढे केला. मी म्हणालो, "मला नको." आई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "कोन पाहुना आला रे बाबू घरात?"

पुढे मी शिक्षक झालो आणि तोच प्रकार कागदावर पाहिला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा आपल्यापैकी कित्येकांनी दिल्या असतील. स्मरणचित्र काढा म्हटले की आमचा मुलगा काय काढतो? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी, आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. वडनेरात नारळ येतो तो देवळापुढे फोडायला. पूर्णेच्या खोऱ्यातली आमची जमीन पोळपाटासारखी सपाट. त्रिकोणी डोंगर मुलाने पाहिलेला नसतो, पण परीक्षकाला तो आवडतो असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. मीही सांगितले आहे. एका वर्षी एका मुलाने डोंगर न काढता कापूस वेचणीचे चित्र काढले : बायांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या, आणि वर तीन चतुर्थांश कागदभर नुसते आभाळ. आमच्याकडे आभाळ तेवढेच मोठे असते. निकाल आला तेव्हा त्या मुलाला सगळ्यांत खालची श्रेणी होती. परीक्षक कोण होता मला ठाऊक नाही आणि मी शोधलेही नाही. पुढल्या वर्षी त्या मुलाने दोन डोंगर आणि नारळ काढून वरची श्रेणी मिळवली. शाबासकी मीच दिली.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ते शहरवाले गृहस्थ तर तुमच्याच बाजूचे आहेत. ते तुम्हांला लपू नका म्हणतात, तुमची माती दाखवा म्हणतात. नाही! इथेच फसगत आहे. त्यांना जी माती पाहायची आहे ती त्यांनी आधीच ठरवलेली आहे. तिचा साचा तयार आहे : भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी, वाळकी फांदी, फार तर एक हाडकुळा बैल. नारळाच्या जागी वाळकी फांदी आली एवढाच फरक. परीक्षक बदलला, स्मरणचित्र तेच.

भेगांचे सांगतो. आमची काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भरघोस पावसाच्या वर्षानंतरही पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते, खालची पुढे वर येते; म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. वर्तमानपत्रात भेगांचा फोटो आला की शहरात हळहळतात. आमचा शेतकरी त्याच भेगा पाहून म्हणतो, जमीन चांगली तापली, आता पाऊस पडू दे. दुष्काळ आमच्याकडे येतो, कर्ज आहे, शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत. हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी शिकवायला नको, त्यातली घरे आमच्या ओळखीची आहेत. म्हणून तर माझा संताप आहे. ज्या दुःखाला नाव-गाव आहे त्याची नक्षी करून भिंतीवर टांगायची आणि तिला वऱ्हाड म्हणायचे!

माझी एक विद्यार्थिनी सध्या अशाच एका शहरात कलाशिक्षण घेते. मुलगी हुशार, हात माझ्यापेक्षा चांगला. गेल्या उन्हाळ्यात तिचे पत्र आले. पहिल्या वर्षी तिने बोली लपवली. ते मला अपेक्षितच होते. दुसऱ्या वर्षी तिला सांगण्यात आले की तुझ्या गावचे काहीतरी कर, त्याला आता मागणी आहे. तिला पाण्यात पडलेल्या उजेडाची चित्रे काढायची होती. तिने काढला गळफास. चित्र लगेच विकले गेले. पत्रात तिने विचारले होते, "गुरुजी, पहिल्या वर्षी मी खोटी होते, की दुसऱ्या वर्षी?" या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहितो आहे.

मातीच्या वकिलांना मी आणखी एक विचारतो. मातीचा रंग, मातीचा रंग म्हणता तो शुद्ध कोठे सापडतो? आमच्याकडून अजिंठा दूर नाही. मुलांना घेऊन मी अनेकदा गेलो आहे. तेथली गेरू, पिवळी माती, हिरवी माती ही इकडचीच, डोंगरातच मिळते. पण पाचव्या शतकातल्या चित्रांत जो निळा आहे तो लाजवर्द, अफगाणिस्तानाच्या डोंगरातून आलेला. तो निळा काढून घ्या आणि मग सांगा अजिंठा उरते का. त्या चित्रकाराला कोणी विचारले नसेल की बाबा, हा निळा आपल्या मातीतला नाही, याचे नाते कोणत्या भूमीशी? त्याला निळ्याची गरज होती. त्याने तो लावला. चौदा-पंधराशे वर्षे तो तिथेच आहे. आता तो अजिंठ्याचा नाही म्हणण्याची कोणाची छाती आहे?

भूमीचे म्हणाल तर आमच्या भूमीवरचे रंगही कितीदा बदलले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. माझे आजोबा जन्मले तेव्हा आम्ही कागदोपत्री हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे होतो. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेलो. मग आम्ही मध्य प्रदेश झालो. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वडनेरची वेस न ओलांडता आजोबांनी पाच नावांच्या मुलखांत वास्तव्य केले. नकाशावर दर वेळी नवा रंग भरला गेला. आजोबांनी त्या साऱ्या काळात कापूस पेरला, वेचला आणि भाव पडला म्हणून सरकारला शिव्या दिल्या. सरकार तेवढे दर वेळी निराळे होते.

आणि चित्रकार? सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या रानात वाढले, नागपूरला चित्रकला शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि साठ वर्षे तिकडे राहिले. तेथली गावे, तेथली घरे त्यांनी रंगवली. मग उतारवयाकडे झुकताना त्यांच्या चित्रात बिंदू आला. लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी चंचल मुलाचे मन लागावे म्हणून भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहायला सांगितले होते, तो हा बिंदू. त्यात साग नाही, नर्मदा नाही, आदिवासी नाही. एका खेड्यातल्या शाळेची भिंत मात्र आहे, आणि तीही ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच दिसते. २०१६ साली ते गेले. त्यांचे दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या शेजारी झाले. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले. त्यांच्या पिवळ्या-करड्या चित्रांपुढे उभे राहून यात नागपूर कुठे आहे म्हणून विचारून पाहा! वऱ्हाडच्या मास्तराला मात्र खुशाल विचारता येते. मोठ्या माणसाला जे स्वातंत्र्य ते लहानाला नाही, एवढाच याचा अर्थ.

याच्या उलट टोकाचीही मंडळी आहेत. त्यांना सोडले तर संपादकांना वाटेल मी खरेच बेताने भांडलो. ही मंडळी छाती पिटून अस्मिता सांगतात. त्यांच्यासाठी मला नॉर्मन विल्किन्सन आठवतो. हा ब्रिटिश चित्रकार समुद्राची चित्रे काढी. १९१७ साली जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा त्याने सांगितले की समुद्रात जहाज लपवता येत नाही. मग लपवूच नका. त्याच्यावर काळे, पांढरे, निळे असे आडवेतिडवे पट्टे ओढा की ते कोणत्या दिशेला चालले आहे तेच पाणबुडीतल्या माणसाला उमजू नये. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या दालनांत चित्रकलेच्या पोरी लाकडी छोट्या जहाजांवर पट्टे रंगवीत बसत. युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून अधिक जहाजे अशी पट्टेरी झाली. आमच्याकडची पुष्कळशी अस्मिता या जातीची असते. दुरून डोळे दिपतात, आवाज मोठा, रंग भडक. जहाज कुणीकडे चालले आहे एवढे मात्र कळत नाही.

बाजारातही तीच गंमत. आमच्याकडची तरणी पोरे आठवडी बाजारातून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची विजार घेतात आणि ती घालून काळ्या रानात उभी राहतात. जंगलात लपण्यासाठी केलेले कापड आमच्या वावरात मैलावरून दिसते. सैन्याने २०२२ मध्ये आपल्या गणवेशाची नवी ठिपकेदार नक्षी काढली आणि त्याच वर्षी तिची रीतसर नोंदणीही करून घेतली. आता ती परवानगीवाचून कोणी विकू शकत नाही. बरोबरच आहे. ज्याला खरोखर गोळी चुकवायची आहे त्याचे ते कापड आहे.

त्या मुलीला मी अजून पुरते उत्तर लिहिलेले नाही. इतकेच कळवले की नांदुऱ्याजवळ रेल्वेच्या रुळांशेजारी, खडीत मी यंदा टिटवीची अंडी पाहिली. ही लोखंडी वाट नागपूरपर्यंत पोचली १८६७ मध्ये. टिटवी तिच्या आधीपासून इथली. खडी आणली माणसांनी, कुठल्या तरी डोंगरातून फोडून. तरी अंडे त्या खडीत असे बसले होते की जणू खडीतूनच निघाले. आगगाडी धडधडत गेली, टिटवी उठली, ओरडली, पुन्हा येऊन बसली. तिला मी कोणत्या भूमीची हे विचारायला कोणी आले नव्हते. तू पाण्यातला उजेड काढ, असे मी लिहिले. कोणी विचारलेच, तर सांग की पाणी आमच्या विहिरीचे आहे. आणि नसेल तर सांगूही नको.

ते चार फुटी चित्र शहरातून परत आल्यावर मी पडवीत टांगले. आषाढात शेजारच्या शेतातली निंदणाची मंडळी पावसाने आडोशाला आली. त्यांत एक सत्तरीची बाई होती. आयुष्य निंदणात गेलेले. निंदताना टिटवीची अंडी लागली तर भोवतालचे हातभर तण तसेच सोडून पुढे जायचे, ही त्यांची रीत. ती पदराने तोंड पुसत चित्रापुढे उभी राहिली. शहरातले गृहस्थ उभे राहिले होते त्याच्या चौथाई वेळसुद्धा नाही.

"चार हायेत," ती म्हणाली. मग आणखी पुढे वाकली. "गुर्जी, तीन बरोबर हायेत. हे चौथं कोनं ठेवलं? टिटवीनं त नाही ठेवलं. टोकं मंधात रायतेत."

मी चष्मा आणून पाहिले. टिटवीच्या अंड्याला एक निमुळते टोक असते आणि ती चारही टोके आत, मध्याकडे वळवून ठेवते, म्हणजे चार अंडी एका पोटाखाली मावतात. चौथ्याचे टोक मी बाहेर काढले होते. चित्र भिंतीवरून खाली उतरवले आहे. दिवाळीच्या आधी ते अंडे फिरवून व्हायला हवे.